गर्भाशयग्रीवेची पक्वता : एका संकल्पनेचा इतिहास

प्रसूतीपूर्वी गर्भाशयाच्या मुखाची होणारी सिद्धता शरीरशास्त्रज्ञांच्या फार आधी सुइणींच्या बोटांना ठाऊक होती. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गॅलेन याने निसर्गशक्तींवरील आपल्या ग्रंथात तिची नोंद केली आहे. गर्भधारणेनंतर हे मुख इतके मिटते की शलाकेचे टोकही आत शिरत नाही, हे हिरोफिलसचे मत तो सांगतो आणि मग सुइणीकडे वळतो. वेणा सुरू होताच ती स्त्रीला प्रसूतीच्या आसनावर बसवीत नाही. बोटाने मुख चाचपून पाहते. प्रथम ते करंगळीपुरते उघडले असे सांगते, काही वेळाने वाढले म्हणते, आणि मुलाला वाट मिळेल इतके झाल्यावरच स्त्रीला उठविते.

या वर्णनाचा सारा भर उघडण्यावर आहे. ग्रीकांचा 'स्टोमा' काय किंवा आपल्या बायकांच्या बोलण्यातील 'पिशवीचे तोंड' काय, दोहोंतील प्रतिमा एकच होय. आणि तोंड म्हटले की ते मिटणारा व उघडणारा स्नायू मनात येतोच. 'ग्रीवा' हा शब्द, त्याच अर्थाच्या लॅटिन 'सर्व्हिक्स'प्रमाणे, या बाबतीत अधिक तटस्थ आहे. १९४७ साली अमेरिकन प्रसूतितज्ज्ञ डेव्हिड डॅनफोर्थ याने दाखवून दिले की, ग्रीवा मुख्यतः स्नायूची नसून तंतुमय संयोजी ऊतकाची बनलेली असते. केवळ स्नायू सैल पडल्याने ती उघडावी, हे मग संभवत नाही. गर्भारपणाच्या अखेरीस तिच्यातील कोलॅजेनचे घट्ट जुडगे विस्कळीत होतात, पाण्याचा अंश वाढतो, आणि नाकाच्या शेंड्यासारखा कठीण भाग ओठासारखा मऊ होतो. फळाच्या पिकण्यावरून घेतलेला 'पक्व' हा शब्द येथे अलंकार म्हणून आला खरा, पण तो वस्तुस्थितीच्या अगदी जवळ जाऊन बसला.

अपक्व ग्रीवेवर औषधाने वेणा लादल्यास त्या पुष्कळदा निष्फळ ठरतात, प्रसूती लांबते आणि शस्त्रक्रियेचा प्रसंग ओढवतो. म्हणूनच १९६४ साली फिलाडेल्फियाच्या एडवर्ड बिशप याने बोटांच्या या ज्ञानाला आकडे दिले. ग्रीवेचा विस्तार, तिचे आखूड होणे, मऊपणा व दिशा आणि बाळाच्या डोक्याची पातळी, असे पाच घटक. एकूण गुण १३. पूर्वी प्रसूत झालेल्या स्त्रीच्या बाबतीत ९ वा अधिक गुण असल्यास वेणा आणणे यशस्वी होते, असा त्याचा निष्कर्ष होता. पाचवा घटक मुळात ग्रीवेचा नव्हेच; तरीही प्रसूतिगृहांतून ही पद्धती आजतागायत टिकून आहे.

तिच्यात विस्तार सेंटिमीटरांत आणि आखूडपणा शेकडेवारीत मांडला जातो. मऊपणाला मात्र कोणतेही माप नाही. त्याच्यासाठी घट्ट, मध्यम आणि मऊ असे तीन शब्दच आहेत, आणि त्यांतला कोणता योजावयाचा हे अद्यापि तपासणाऱ्याचे बोटच ठरविते.