एकाच सिनेमाच्या दोन डीव्हीडी, पण एकीत खजिना आणि दुसरीत ठणठणाट, असं का होतं?

समजा, रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात फिरताना ‘लगान’ची डीव्हीडी हाताला लागली. विकणारा म्हणतो ओरिजिनल आहे, कव्हरही ठीकठाक आहे. थोडी घासाघीस करून तुम्ही ती घरी आणली. मित्राकडेही ‘लगान’च आहे, पण त्याच्या डब्यातून निघतात तीन डिस्क आणि त्यातल्या एका डिस्कवर अख्खा एक माहितीपट आहे, जो तुमच्याकडे नाहीच.

सिनेमा तोच, आमिर तोच, शेवटचा सिक्सरही तोच. मग फरक कुठे पडला?

फरक पडला ‘बोनस फीचर्स’मध्ये. डिस्कच्या मेन्यूत सिनेमाशिवाय जे काही मिळतं ते सगळं यात येतं : वगळलेले प्रसंग, मुलाखती, मेकिंग, ट्रेलर, दिग्दर्शकाची कॉमेंट्री. आणि हे सगळं सिनेमागणिक नाही, एडिशनगणिक बदलतं.

‘लगान’चे दोन डबे

आशुतोष गोवारीकर यांचा ‘लगान’ थिएटरमध्ये आला जून २००१ मध्ये. २००२ मध्ये त्याची दोन डिस्कची पहिली डीव्हीडी ठरावीक देशांमध्ये निघाली. तिच्यात सुमारे १५ मिनिटांचे वगळलेले प्रसंग होते, ट्रेलर होते आणि कलाकारांच्या सिनेमांची यादी होती. त्या काळच्या हिंदी सिनेमाच्या मानाने हेही बरंच म्हणायचं.

पण खरा ऐवज आला २००७ मध्ये, तीन डिस्कच्या पेटीतून. त्यात होता सत्यजित भटकळ यांचा ‘चले चलो’ हा माहितीपट. भटकळ शूटिंगच्या काळात युनिटबरोबरच होते. त्यामुळे हा माहितीपट म्हणजे ‘सगळे एका कुटुंबासारखे राहिलो’ छापाच्या गोड मुलाखतींची माळ नाही. कच्छमधल्या भुजजवळ उभं केलेलं गाव, शेकडो माणसांची बडदास्त, डबिंगचा जमाना असताना सेटवरच आवाज रेकॉर्ड करायचा हट्ट, पाठीच्या दुखण्यामुळे खाटेवर पडून दिग्दर्शन करणारे गोवारीकर, हे सगळं त्यात दिसतं.

शूटिंग संपलं आणि काही महिन्यांनी, २६ जानेवारी २००१ ला, भूकंपाने भुजचा तो परिसर उद्ध्वस्त झाला. त्यामुळे शूटिंगच्या वेळी टिपलेली तिथली माणसं आणि तो मुलूख यांचं मोल आता सिनेमापुरतं राहिलेलं नाही.

आता तुम्हीच सांगा, दोन्ही डब्यांवर ‘लगान’च लिहिलंय म्हणून ते सारखे कसे धरायचे?

मग आपल्या घरातल्या डिस्कवर काहीच का नसायचं?

याचं उत्तर कलेत नाही, हिशेबात आहे. मराठी घरांमध्ये वर्षानुवर्षं चालली ती व्हीसीडी. एका व्हीसीडीवर साधारण ७० ते ८० मिनिटांचा व्हिडिओ बसतो. अडीच-तीन तासांचा सिनेमा दोन किंवा तीन डिस्कवर तोडून द्यावा लागायचा. ऐन रंगात आलेला सीन थांबायचा आणि कुणीतरी उठून डिस्क बदलायचं. जिथे सिनेमाच मावत नव्हता, तिथे मुलाखती कुठे कोंबणार?

डीव्हीडी आल्यावर जागा मिळाली. साधी डिस्क ४.७ जीबीची, दुहेरी थराची ८.५ जीबीची. पण तेवढ्यात भावयुद्ध सुरू झालं. २००७ मध्ये मोझर बेअर कंपनी बाजारात उतरली ती २८ रुपयांची व्हीसीडी आणि ३४ रुपयांची डीव्हीडी घेऊन. पायरसीला टक्कर द्यायची म्हणून काढलेली ही युक्ती ग्राहकाच्या फायद्याची होती, यात वाद नाही. पण ३४ रुपयांत कॉमेंट्री रेकॉर्ड करायला कोण बसणार? पुढे तर ‘एका डीव्हीडीत तीन सिनेमे’ असे पॅक आले. त्यात बोनस सोडाच, चित्राचा दर्जाही पिळून काढला जायचा.

म्हणूनच बहुतेक मराठी सिनेमांच्या वाट्याला ट्रेलर आणि गाण्यांच्या मेन्यूपलीकडे फारसं काही आलं नाही. नुकसान झालं ते असं, की ज्या दिग्दर्शकांना आणि कॅमेरामननी आपलं काम फ्रेम-फ्रेमने समजावून सांगितलं असतं, त्यांना त्यासाठी कुणी माइकसमोर बसवलंच नाही.

कॉमेंट्रीचा शोध कुठे लागला?

अमेरिकेत, १९८४ मध्ये. तेव्हा डीव्हीडी नव्हती, ताटाएवढी लेझरडिस्क होती. क्रायटेरियन कंपनीने ‘किंग काँग’ची लेझरडिस्क काढली आणि तिच्या जादा ऑडिओ ट्रॅकवर सिनेमाचे अभ्यासक रोनाल्ड हेव्हर यांना बोलतं केलं. पडद्यावर सिनेमा चालू आणि कानात जाणकार माणूस सांगतोय की हा शॉट कसा घेतला. ऑडिओ कॉमेंट्रीची सुरुवात हीच मानली जाते. पुढे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या चार-चार डिस्कच्या एडिशन आल्या. त्यात दोन डिस्क सिनेमाच्या आणि दोन निव्वळ जादा माहितीच्या.

पुण्याचा वर्ग, अमेरिकेची डिस्क

पुणेकरांनी मनाला लावून घ्यावी अशी गोष्ट इथे आहे. ऋत्विक घटक १९६० च्या दशकात पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे प्रभात स्टुडिओच्या जुन्या आवारात, शिकवायला होते. कुमार शहानी आणि मणी कौल हे त्यांचे विद्यार्थी. घटकांचा ‘तिताश एकटी नदीर नाम’ (१९७३) पुढे मार्टिन स्कोर्सेसींच्या वर्ल्ड सिनेमा प्रोजेक्टच्या पहिल्या संचात, २०१३ मध्ये, क्रायटेरियनने काढला. त्या सिनेमावर बोलायला बोनसमध्ये कोण आहे? कुमार शहानी. २०२४ मध्ये शहानी गेले. लॉ कॉलेज रोडवरच्या गुरूबद्दल शिष्य काय म्हणतो ते ऐकायचं, तर डिस्क अमेरिकेची हवी.

घटकांच्याच ‘मेघे ढाका तारा’च्या २०१९ च्या क्रायटेरियन एडिशनमध्येही तेच. तिथे सईद मिर्झा आणि शिवेंद्रसिंह डुंगरपूर गप्पा मारतात आणि दोघंही याच इन्स्टिट्यूटचे माजी विद्यार्थी. उदय शंकर यांचा ‘कल्पना’ (१९४८) पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेल्या साहित्यावरून २०१२ मध्ये पुन्हा उजळवला गेला आणि २०२२ मध्ये स्कोर्सेसींच्या प्रस्तावनेसह डिस्कवर आला. हे संग्रहालय उभं करणाऱ्या पी. के. नायर यांच्यावरचा डुंगरपूर यांचा ‘सेल्युलॉइड मॅन’ डीव्हीडीवर काढला तोही सेकंड रन या ब्रिटिश कंपनीने.

सत्यजित राय यांच्या ‘जलसाघर’च्या क्रायटेरियन एडिशनमध्ये तर बोनस म्हणून श्याम बेनेगल यांनी राय यांच्यावर केलेला पूर्ण लांबीचा माहितीपटच दिलाय. आपल्याकडचं साहित्य, आपलीच माणसं, फक्त एकत्र बांधायचं काम दुसऱ्यांनी केलं.

जिथे सिनेमाच बदलतो

काही वेळा फरक बोनसपुरता राहत नाही. ‘शोले’च्या मूळ शेवटात ठाकूर गब्बरला पायांनी ठार करतो. आणीबाणीच्या काळात सेन्सॉरने तो शेवट बदलायला लावला आणि १९७५ मध्ये लोकांनी पाहिलं ते पोलिसांनी येऊन ठाकूरला थांबवणं. पुढे इरॉस कंपनीने डीव्हीडीवर दोन्ही रूपं आणली : मूळ शेवट असलेलं २०४ मिनिटांचं आणि सेन्सॉर झालेलं १९८ मिनिटांचं. त्यातलं पहिलं उंच चौकटीत आणि दुसरं रुंद पडद्याचं. म्हणजे शेवट हवा की रुंदी हवी, ते तुम्हीच ठरवा! २०२५ मध्ये फिल्म हेरिटेज फाउंडेशनने मूळ शेवटासह नव्याने उजळवलेली प्रत इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली, तोवर हौशी लोक या डिस्क शोधत फिरायचे.

घेण्याआधी काय बघायचं?

‘स्पेशल एडिशन’ या शब्दांवर जाऊ नका, ते कुणीही छापतं. मागच्या बाजूला किती डिस्क आहेत आणि बोनसची मिनिटं दिलीत का ते बघा. रीजन कोड तपासा. भारताची डीव्हीडी रीजन ५ मध्ये येते आणि ब्लू-रे ‘सी’मध्ये. अमेरिकेचे कोड १ आणि ‘ए’. हौसेने मागवलेली अमेरिकन डिस्क घरच्या प्लेअरवर ढिम्म हलत नाही, असा प्रकार यामुळेच होतो.

मिनिटं कमी दिसली म्हणून लगेच सिनेमा कापलाय असंही समजू नका. पाल पद्धतीच्या डिस्कवर सेकंदाला २४ ऐवजी २५ फ्रेम पळतात, त्यामुळे १५० मिनिटांचा सिनेमा एकही सीन न गाळता १४४ मिनिटांत संपतो. कुठल्या देशाच्या एडिशनमध्ये काय आहे, याच्या नोंदी ‘डीव्हीडी कंपेअर’सारख्या वेबसाइटवर मिळतात.

ओटीटीवर शोधायला गेलात तर बहुतेक ठिकाणी फक्त सिनेमा मिळेल. कॉमेंट्री आणि वगळलेले प्रसंग क्वचितच. त्यात डिस्कचा धंदा आवरत चाललाय. नेटफ्लिक्सने अमेरिकेतली डीव्हीडी पाठवायची सेवा सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली.

आणि एक काम आजच करता येण्यासारखं. घरातल्या जुन्या डिस्क पेनड्राइव्हवर घ्यायला दुकानात देणार असाल, तर नुसतं ‘पिक्चर कॉपी करून द्या’ म्हणू नका. तसं म्हटलं की बहुतेकदा मुख्य सिनेमाची एक फाइल आणि एकच ऑडिओ ट्रॅक येतो. मेन्यू, मुलाखती आणि दुसऱ्या ट्रॅकवरची कॉमेंट्री मागेच राहते आणि डिस्क जाते भंगारात. पूर्ण डिस्कची आयएसओ फाइल बनवून मागा. जागा जास्त लागते, पण डिस्कवर होतं ते सगळं मेन्यूसकट येतं.