बोलक्या भिंती जास्तच बोलायला लागल्या तर? लहान मुलांचा वर्ग साधा का हवा

जूनमध्ये शाळा सुरू होण्याआधी बालवाड्यांच्या भिंती रंगतात. मुळाक्षरं, फळं, वाहनं, कार्टून, वर छताला झालरी. 'बोलक्या भिंती' म्हणतात आपल्याकडे. पालकांनाही असा वर्ग आवडतो (फोटोही छान येतात). पण त्यात रोज बसणाऱ्या पाच वर्षांच्या मुलाचं काय होतं?

अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या ॲना फिशर आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये हे तपासलं. बालवाडीतल्या 24 मुलांना विज्ञानाचे सहा छोटे धडे शिकवले. तीन सजवलेल्या वर्गात, तीन जवळपास मोकळ्या भिंतींच्या वर्गात. सजवलेल्या वर्गात मुलांचं लक्ष 38.6 टक्के वेळ धड्यावर नव्हतं, साध्या वर्गात 28.4 टक्के. नंतरच्या चाचणीत साध्या वर्गातल्या धड्यांची 55 टक्के उत्तरं बरोबर आली, सजवलेल्या वर्गातल्या धड्यांची 42 टक्के.

कारण साधं आहे. नको त्या गोष्टीकडे दुर्लक्ष करणं ही क्षमता वयानुसार हळूहळू वाढते. आपल्याला चार्ट दिसेनासा होतो, मुलाला तो दिसतच राहतो.

मग सगळं काढून टाकायचं? नाही. एक तर हा प्रयोग छोटा होता. शिवाय इंग्लंडमधल्या सॅलफर्ड विद्यापीठाच्या 153 वर्गांच्या अभ्यासात अगदी कोऱ्या भिंतीही फायद्याच्या ठरल्या नाहीत. त्यांचा सल्ला: भिंतीचा 20 ते 50 टक्के भाग मोकळा ठेवा.

ही कल्पना नवी नाहीच. मारिया माँटेसरींनी 1907 मध्ये रोममध्ये पहिलं 'बालगृह' सुरू केलं. माँटेसरी वर्गात मुलाचा हात पोचेल अशी बुटकी, उघडी फडताळं असतात आणि प्रत्येक साधन सहसा एकच. दुसऱ्याचं होईपर्यंत थांबायचं, आपलं झालं की जागेवर ठेवायचं. कमी वस्तू ठेवण्यामागे ही शिकवणही आहे.

माँटेसरींची साधनं महाग होती. तिथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं काम मला जास्त मोठं वाटतं. 1945 मध्ये बोर्डीत सुरू झालेल्या आणि पुढे कोसबाडला गेलेल्या त्यांच्या कामात शिंपले, बिया, खडे, पानं हीच साधनं झाली. शाळाच मुलांच्या अंगणात नेणारी 'अंगणवाडी' याच कामातून आली. तिथे रंगवायला भिंतच नव्हती.

तुमच्या शाळेत सुरुवात करायची असेल तर सतरंजीवर, मुलाच्या उंचीवर बसून पाहा. बरेच तक्ते मोठ्यांच्या नजरेला येतील असेच लावलेले दिसतील. धडा संपला की त्याचा तक्ता उतरवा. फळ्याच्या आजूबाजूची जागा मोकळी ठेवा. मुलांनी स्वतः काढलेली चित्रं मात्र राहू द्या, फक्त थोडी खाली लावा. सगळी एकदम नको, आठवड्याला बदलत राहा.