दौलताबादी कागद

आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर पणजोबांच्या वेळचे मोडी कागद पडून आहेत. ते उलगडून पाहावेत. दीड-दोनशे वर्षांनंतरही बहुधा घडीवर तुटत नाहीत. आम्ही सरकारी नोकर ज्या फायली चाळतो, त्यांतले साठ-सत्तर वर्षांचे गिरणीचे कागद मात्र बिस्किटासारखे मोडतात!

दौलताबादच्या किल्ल्याजवळ, खुलताबादच्या वाटेवर कागजीपुरा आहे. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने राजधानी दौलताबादेस आणली, तेव्हा कागदी कारागीर येथे आले, असे परंपरा सांगते. पुढे हा मुलूख निजामाचा, म्हणजे आपल्या हैदराबादचाच. तरी पेशव्यांच्या दप्तरात जुन्नरी कागदासोबत दौलताबादीही होताच. राज्ये लढत होती, कागदाचा व्यापार चालूच होता. कागद करणारे मुसलमान, त्यावर मोडी लिहिणारे आपले कारकून.

तागाचे जुने दोर, गोणपाट यांचे तुकडे चुन्यात भिजवायचे, कुटायचे, धुवायचे, पुन्हा कुटायचे. असे कित्येक दिवस. मग लगदा हौदात कालवून गवताच्या बारीक चटईवर एकेक ताव उचलायचा आणि भिंतीवर चिकटवून वाळवायचा. बोरूची शाई फुटू नये म्हणून खळ लावून दगडाने घोटायचा. तागाचा धागा लांब, आणि अंगात मुरलेला चुना आम्लाला दाद देत नाही. गिरणीच्या कागदाला त्यातला लाकडाचा लगदा आणि तुरटीच खाते.

घरचे मोडी कागद रद्दीत घालू नयेत. सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवावेत. लॅमिनेशन तर नकोच; ते प्लॅस्टिक पुन्हा सुटत नाही.