कुंपणाला लावलेलं विष

आपल्याकडं कुंपण घालायचं ठरलं, की पहिला प्रश्न असतो, याला बकरी तोंड लावते का? लावत असेल तर ते झाड कुंपणाच्या कामाचं नाही. म्हणून धुऱ्यावर, परसात, अंगणाच्या कडेला आपण वर्षानुवर्षं तीच झाडं लावत आलो, जी जनावर खात नाही. कण्हेर, बिट्टी, घाणेरी, बेशरम. आणि जनावर ती का खात नाही? कारण ती विषारी आहेत. त्या गुणासाठीच तर आपण ती निवडली. आज या झाडांचा इतिहास सांगणार आहे, कारण गटाच्या कर्जातून घेतलेल्या शेळ्या याच कुंपणांजवळ बांधलेल्या असतात.

यातली सगळ्यात जुनी कण्हेर. देवाला तिची फुलं वाहतो. संस्कृतात तिला करवीर म्हणतात, पण आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत तिचं आणखी एक नाव आहे, अश्वमारक. म्हणजे घोडा मारणारी. ज्यांनी हे नाव ठेवलं त्यांनी घोडे मरताना पाहिले असणार. नावातच इशारा ठेवला होता, आपण फुलं घेतली आणि नाव विसरलो. कण्हेरीचं विष हृदयावर जातं. गाय असो, बकरी असो की दारातलं कुत्रं, थोडी पानं पुरतात. पानं वाळली तरी विष जात नाही. उलट हिरवी असताना जो कडूपणा जनावराला मागं सारतो, तो वाळल्यावर तेवढा लागत नाही. म्हणून उभ्या कण्हेरीपेक्षा छाटून उकिरड्यावर टाकलेली कण्हेर जास्त धोक्याची. पिवळ्या फुलांची बिट्टी अमेरिका खंडातून आली, पण विष त्याच जातीचं. तिची बी तर फारच वाईट.

घाणेरीला काही गावांत टणटणी म्हणतात. हीसुद्धा अमेरिकेचीच. युरोपातल्या लोकांना तिची रंगीबेरंगी फुलं आवडली, त्यांनी ती बागेत लावली, आणि १८०९ च्या सुमारास ती कलकत्त्याच्या सरकारी बागेत शोभेसाठी आली. बागेतून कुंपणात, कुंपणातून रानात. पाखरांनी फळं खाल्ली आणि बी देशभर नेलं. साहेबाच्या बागेची हौस आज आपल्या जंगलांचं चरण खाऊन बसली आहे. घाणेरी पोटात गेली की जनावराचं लिव्हर बिघडतं. चारा सुटतो, शेण होत नाही, डोळे पिवळे पडतात, आणि उन्हात उभं केलं तर कान, नाकपुड्यांची कातडी सुजून फाटते.

मग प्रश्न येतो, जनावर खात नाही म्हणूनच लावलं, तर मग ते खातं कधी? उपाशी असतं तेव्हा. आणि उपाशी राहण्याचाही इतिहास आहे. १८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हाती दिलं. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, तिकडचा कापूस बंद झाला आणि वऱ्हाडच्या कपाशीला भाव आला. पडीक रानं, गवताची रानं नांगराखाली गेली. इंग्रज आपल्या वाशीमला ‘बासिम’ लिहीत. १९०५ साली हा जिल्हा मोडून अकोल्यात घातला आणि १ जुलै १९९८ ला पुन्हा वेगळा झाला. तेवढ्या काळात गावागावाची ई-क्लास जमीन कशी आकसली, ते तुम्हीच आपल्या सासूला विचारा. चरायला रान नाही, तर बकरी कुंपणाकडंच वळणार.

बेशरमच्या बाबतीत तर आणखी वाईट. ही दक्षिण अमेरिकेची, कुठंही काडी खोचा, वाढते, म्हणून हे नाव. बकरी आधी तिला तोंड लावत नाही. उन्हाळ्यात चारा संपला की थोडी खाते, आणि मग तिला चटक लागते. समोर कुटार टाका, ती बेशरमच शोधते. लगेच मरत नाही. काही आठवड्यांनी वाळत जाते, मान थरथरते, चालताना तोल जातो. आपण म्हणतो, नजर लागली.

नजर, करणी, कुणीतरी खाऊ घातलं. हा संशयही जुना आहे. गुंज आपल्या ओळखीची. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. एकोणिसाव्या शतकात कातड्याचा व्यापार वाढला, तेव्हा उत्तर हिंदुस्थानात इंग्रज पोलिसांनी ओरड केली, की गुंजेपासून केलेली सुई टोचून कातड्यासाठी गुरं मारतात. काही प्रकरणं खरी होती. पण बोट ठेवलं गेलं चामड्याचं काम करणाऱ्या अख्ख्या समाजावर, कारण मेलेलं जनावर ओढायचं काम आणि त्याचं कातडं त्यांच्याकडं होतं. १८७१ साली सरकारनंच नेमलेल्या आयोगाचा गुरांच्या साथींवर अहवाल आला, आणि बुळकांडी किती पसरली होती ते कागदावर आलं. ढोरं रोगानं मरत होती, आणि संशय मात्र गरिबावर होता.

मी ज्या गावांत फिरते, त्यातल्या एका गावात एका ताईची गाभण शेळी रात्रीत मेली. शेजारच्या काकूशी आधीच धुऱ्यावरून वाद होता. दुसऱ्या दिवशी बैठकीत अर्धा गट एकीकडं, अर्धा दुसरीकडं. दोन महिने हप्ते थांबले. विम्यासाठी शवविच्छेदन केलं होतं म्हणून कळलं, पोटात कण्हेरीची पानं होती. मंदिरासमोरची झाडं छाटून फांद्या रस्त्यावर टाकल्या होत्या, त्या तिनं खाल्ल्या.

तेव्हा असं काही घडलं तर जनावराला आधी तिथून हलवून सावलीत बांधा. नळीनं तेल, ताक पाजू नका. ते फुफ्फुसात गेलं तर शेळी त्यानंच जाईल. १९६२ वर फोन करा, फिरता पशुवैद्यकीय दवाखाना येतो. जवळ पडलेली फांदी फेकू नका, डॉक्टरांना दाखवा. शेळी मेलीच, तर कानातला बिल्ला काढू नका आणि शवविच्छेदनाआधी पुरू नका. अहवाल हातात आला, की तो गटाच्या बैठकीत सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला सांगा.