लाल द्रव, हिरवा द्रव

५ ऑक्टोबर १९५५ रोजी पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात सिट्रोएन कंपनीने ‘डीएस १९’ ही गाडी मांडली. फ्रेंचमध्ये ‘डीएस’ या अक्षरांचा उच्चार ‘देवी’ या अर्थाच्या शब्दासारखाच होतो. पहिल्याच दिवशी सुमारे १२,००० गाड्यांची मागणी नोंदली गेली. दोन वर्षांनी रोलां बार्त यांच्या ‘मायथॉलॉजीज’मध्ये या गाडीवरचा निबंध आला. त्यांचे लक्ष वेधले ते तिच्या सांध्यांनी. पत्रे आणि काचा एकमेकांशी कशा अलगद भिडल्या आहेत, हे त्यांनी न्याहाळले. पण ते बाहेरचे सांधे. गाडीच्या पोटातल्या सांध्यांचा इतिहास गॅरेजमधल्या कारागिरांच्या वाट्याला आला, आणि तो बराच ओला आहे.

डीएसच्या चाकांवर नेहमीच्या पोलादी स्प्रिंगा नाहीत. प्रत्येक चाकापाशी एक पोलादी गोळा असतो. त्याच्या आत रबरी पडदा, पडद्याच्या एका बाजूला नायट्रोजन आणि दुसऱ्या बाजूला द्रव. चाक उसळले की दट्ट्या द्रवाला रेटतो, द्रव वायूला दाबतो. स्प्रिंगचे काम वायू करतो. इंजिनावर चालणारा पंप या द्रवाचा दाब साधारण १५० ते १७५ बारपर्यंत नेतो, म्हणजे टायरमधल्या हवेच्या सत्तर पटींहून अधिक. गाडीत चार माणसे बसली तरी उंची राखणाऱ्या झडपा आणखी द्रव आत घेऊन तिला पुन्हा ठरलेल्या पातळीवर आणतात. याच दाबावर ब्रेक, स्टिअरिंग आणि क्लचही चालत. त्यामुळे गळती एका नळीची असली तरी दुखणे साऱ्या गाडीचे होई.

ही रचना घडवणारे पॉल माजेस १९२५ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी सिट्रोएनमध्ये लागले. त्यांच्याकडे अभियांत्रिकीची पदवी नव्हती. कंपनीचे प्रमुख पिएर बुलांजे यांनी त्यांना हेरले आणि महायुद्धाच्या काळात संशोधनाच्या कामावर घेतले. १९५४ मध्ये त्यांची रचना ‘१५-सिक्स एच’ या गाडीच्या फक्त मागच्या चाकांना बसवली गेली. पुढच्याच वर्षी डीएसमध्ये ती चारही चाकांना आली.

सुरुवातीच्या वर्षांत या गाड्या गळत. नव्या गाडीखाली ओला डाग दिसला की गिऱ्हाईक हवालदिल होई, आणि पूर्वी असे यंत्र न पाहिलेला कारागीर पाना घेऊन नट आवळू लागे. इथेच घोळ होई. या नळ्यांच्या टोकाशी रबराची छोटी बाही असते आणि आतला दाबच तिला जागेवर घट्ट बसवतो. नट बेताने आवळायचा असतो. जोर लावला की नळी विकृत होते आणि झिरपणारा सांधा धो धो वाहू लागतो.

दुसरी गोष्ट त्याहून विलक्षण. या यंत्रातली काही गळती मुद्दाम ठेवलेली आहे. दट्ट्या आणि त्याचे नळकांडे यांच्यातली फट मायक्रॉनमध्ये मोजावी इतकी बारीक असते. तिच्यातून थोडा द्रव सतत झिरपतो, दट्ट्याला वंगण देतो आणि रबरी नळ्यांतून टाकीत परत जातो. रात्रभर उभी राहिलेली डीएस सकाळी जमिनीशी टेकलेली दिसते आणि इंजिन सुरू होताच उठते, त्याचे कारण हे आतले झिरपणे. जुन्या गाडीखालचा डाग अनेकदा या परतीच्या नळीला तडा गेल्याचा असतो. जास्त दाबाची बाजू ठणठणीत असते. तिसरी गळती तर दिसतच नाही. नायट्रोजन वर्षानुवर्षे पडद्यातून हळूहळू निसटतो आणि गाडी खडखडू लागते. त्यावर उपाय गोळा पुन्हा भरणे किंवा बदलणे.

मात्र मूळ रोग पान्याने बरा होणारा नव्हताच. तो द्रवातच होता. आरंभी वनस्पतिजन्य तेलावर आधारलेला द्रव वापरला गेला, त्यानंतर लाल रंगाचा कृत्रिम द्रव, ‘एलएचएस’, आला. तो हवेतले बाष्प शोषून घेई. पाणी आत शिरले की घासून गुळगुळीत केलेल्या पोलादावर गंज चढे, गंज बारीक फट रुंदावे आणि रबराला ओरखडे पाडी. सांधा कितीही नवा घातला तरी गळती काही महिन्यांनी परत येई. १९६६ मध्ये कंपनीने खनिज तेलाचा हिरवा द्रव, ‘एलएचएम’, आणला. तो पाणी शोषत नाही. डीएसच्या गळतीची खरी दुरुस्ती ही. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांना मात्र ब्रेकच्या द्रवाविषयीच्या तिथल्या नियमांमुळे १९६९ पर्यंत लाल द्रवच चालवावा लागला.

या दुरुस्तीची किंमतही होती. लाल द्रवासाठी बनवलेले रबर हिरव्या द्रवात फुगून निकामी होते आणि उलटही घडते. म्हणून नव्या यंत्रणेचे भाग हिरव्या रंगात रंगवले गेले, म्हणजे कारागिराला लांबूनही ओळख पटावी. जुन्या गाडीला नवा द्रव द्यायचा तर एकूण एक रबर बदलणे आले. रोल्स-रॉइसने १९६५ च्या ‘सिल्व्हर शॅडो’साठी सिट्रोएनकडून परवाना घेऊन पातळी राखणारी यंत्रणा बसवली; खनिज तेलाकडे ती कंपनी १९८० च्या ‘सिल्व्हर स्पिरिट’पासून वळली.

२२ ऑगस्ट १९६२ रोजी पॅरिसजवळ प्ती-क्लामार येथे मारेकऱ्यांनी राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या डीएसवर गोळीबार केला. दोन टायर फुटूनही गाडी निसटली. ती कथा जगाला ठाऊक आहे. पण १९५५ ते १९७५ या वीस वर्षांत डीएस आणि तिच्या भावंडांच्या साडेचौदा लाखांवर गाड्या निघाल्या. त्या रस्त्यावर राहिल्या, कारण कुठली गळती बुजवायची आणि कुठली राहू द्यायची, हे हजारो अनामिक हात शिकले. ‘सी५’ या गाडीबरोबर २०१७ मध्ये या यंत्रणेचे उत्पादन थांबले. हौशी लोकांनी जपलेल्या डीएस आजही दुरुस्तीला येतात. जाणता कारागीर पान्याला हात लावण्याआधी टाकीचे झाकण उघडतो आणि द्रव लाल आहे की हिरवा, एवढे पाहतो.