कुटुंबनियोजनाची साधने आणि डॉक्टरांची वाण

भारतातील कुटुंबनियोजनाच्या इतिहासात अज्ञान, रूढी व धर्मभावना यांनाच बहुधा प्रमुख अडथळे मानले जाते. परंतु खेड्यातील स्त्रीपुढील अडथळा पुष्कळदा याहून साधा होता: साधन देणारे माणूसच जवळपास नव्हते. किंबहुना, कोणते साधन पुढे करावयाचे हेही बऱ्याच अंशी या उणिवेनेच ठरविले, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये संततिनियमनाचे केंद्र काढले ते मुंबईत. म्हैसूर संस्थानाने १९३० मध्ये सरकारी केंद्रे उघडली तीही शहरांतील रुग्णालयांत. भोर समितीच्या १९४६ च्या अहवालानुसार ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर होता, आणि डॉक्टर मुख्यत्वे शहरांत एकवटले होते. १९५२ नंतरच्या शासकीय कार्यक्रमाची उभारणी याच पायावर झाली.

१९६५ मध्ये लूपचा प्रसार सुरू झाला. लूप बसविण्यास शिक्षित हात लागत. पुढे रक्तस्राव वा वेदना झाल्यास पुन्हा तपासणी लागे. पुरुष डॉक्टरकडून तपासून घेण्यास स्त्रिया संकोचत, आणि ग्रामीण केंद्रांत स्त्री डॉक्टर दुर्मिळ होत्या. उपचार पोहोचला नाही. त्रासाची वार्ता मात्र गावोगाव पोहोचली. काही वर्षांतच लूप मागे पडली. या नकारास केवळ अज्ञान म्हणणे न्याय्य नव्हे. तो अनुभवातून आलेला होता.

डॉक्टर क्वचितच येणार असेल, तर एकदाच करावयाची शस्त्रक्रिया शासनास सोयीची वाटणे स्वाभाविक होते. केरळातील एर्नाकुलम येथे जुलै १९७१ च्या शिबिरात ६३,४१८ जणांची, बहुतांशी पुरुषांची, नसबंदी झाली. पुढे शिबिरांचा भार स्त्रियांवर आला. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्यात एकाच शिबिरात ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या व त्यानंतर अनेकींचा मृत्यू ओढवला. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला.

याउलट, १९६८ मध्ये निरोध १५ पैशांस तीन या दराने किरकोळ दुकानांतून मिळू लागले. २०११ पासून आशा कार्यकर्त्या साधने घरपोच देऊ लागल्या. दोन्ही योजनांत डॉक्टरची अट नव्हती. म्हणून एखाद्या प्रदेशात कोणते साधन रूढ झाले एवढेच नोंदवून अभ्यासकाने थांबू नये. तेथे दुसरे कोणते साधन हाती येण्याजोगे होते, हेही विचारावे. जेथे एकच वाट होती, तेथे स्त्रीच्या संमतीस निवड म्हणता येईल काय, हा प्रश्न त्यावाचून सुटणार नाही.