मैलांची हुंडी

हुंडी हा शब्द आता आपल्या नित्याच्या बोलण्यातून जवळजवळ नाहीसा झाला आहे. परंतु एके काळी पुण्याच्या पेढीवर लिहिलेला कागद काशीच्या पेढीवर दाखवावा आणि तेथे रोकड पदरात पडावी, ही व्यवस्था या देशात पिढ्यान्‌पिढ्या चालली. दर्शनी हुंडी दाखवताच वटे, मुदती हुंडी ठरलेल्या दिवसानंतर वटे. पण दोहोंचा प्राण एकच होता. कागदावर जो आकडा लिहिला, तोच द्यावयाचा. लिहिणाऱ्याच्या मनात मागाहून काही आले, म्हणून शंभराचे ऐंशी होत नसत.

आज ज्या हुंडीविषयी मी बोलणार आहे, ती रुपयांची नाही, मैलांची आहे. विमानाने वारंवार जाणाऱ्या प्रवाशाच्या नावावर विमान कंपनी आपल्या खतावणीत मैल जमा करते, आणि पुरेसे मैल साठले की त्यांच्या मोबदल्यात फुकट तिकीट देऊ करते. श्रोत्यांपैकी अनेकांच्या नावे असे मैल कोठे ना कोठे पडून असतील. ही हुंडी कशी जन्मली, आणि ती वटवताना आकडा तोच राहूनही मोल का बदलते, याचा इतिहास अवघ्या चार-साडेचार दशकांचा आहे. पण वचन आणि व्यवहार यांच्या नात्यावर तो बराच प्रकाश टाकतो.

या इतिहासाचा आरंभ अमेरिकेत होतो. तेथे १९३८ च्या कायद्यापासून चाळीस वर्षे कोणत्या विमान कंपनीने कोणत्या मार्गावर उडावे आणि भाडे किती घ्यावे, हे सरकारी मंडळ ठरवीत असे. भाडे सर्वांचे सारखेच. मग कंपन्यांची चढाओढ चालावयाची ती जेवणाच्या ताटावर आणि आदरातिथ्यावर. १९७८ च्या ऑक्टोबरमध्ये अध्यक्ष कार्टर यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि हे बंधन सैल झाले. स्वस्त भाड्याच्या नव्या कंपन्या मैदानात उतरल्या. जुन्या कंपन्यांपुढे प्रश्न उभा राहिला, की नेहमीचे गिऱ्हाईक आता धरून ठेवावे कसे?

उत्तराचा नमुना बाजारात जुनाच होता. १८९६ पासून ‘स्पेरी अँड हचिन्सन’ ही कंपनी दुकानदारांना हिरवी तिकिटे विकत असे. दुकानदार ती खरेदीच्या प्रमाणात गिऱ्हाइकांना देत. गिऱ्हाईक ती वहीत चिकटवून ठेवी आणि वही भरली की तिच्या बदल्यात एखादी वस्तू घरी आणी. प्रवाशांकरिता असे काही करावयाचे, तर कोण किती वेळा उडतो हे ठाऊक हवे. ‘अमेरिकन एअरलाइन्स’पाशी ते जाणण्याचे साधन होते. आयबीएमच्या साहाय्याने तिने १९६० च्या सुमारास ‘सेबर’ नावाची संगणकीय आरक्षणव्यवस्था उभारली होती. तिच्या नोंदींत तेच ते दूरध्वनी क्रमांक पुनःपुन्हा कोठे आढळतात हे शोधून कंपनीने आपले नित्याचे प्रवासी हुडकून काढले, आणि १ मे १९८१ रोजी ‘ॲडव्हांटेज’ ही योजना जाहीर केली. एक-दोन लहान कंपन्यांनी तत्पूर्वी असे प्रयोग केले होते. पण देशभर पसरलेली आणि दीर्घकाळ टिकलेली योजना हीच. त्याच महिन्यात ‘युनायटेड’ने आपली योजना काढली, आणि वर्ष सरण्यापूर्वी इतरही मागे धावल्या.

या दानशूरपणामागील हिशेब समजून घेण्यासारखा आहे. भाजीवाल्याची न विकलेली मेथी संध्याकाळी सुकते, तशी विमानातली रिकामी खुर्ची उड्डाणाच्या क्षणी मरते. विमान तर उडणारच, इंधन तर जळणारच. त्या खुर्चीवर कोणी फुकट बसला, तर कंपनीचा जादा खर्च जवळजवळ नाहीच. म्हणून जी खुर्ची एरवी वाया जाणार होती, तीच बक्षीस म्हणून देण्यात कंपनीचे काही जात नाही. प्रवाशाला मात्र ती अमोल वाटते. परंतु या हिशेबातच पुढच्या तंट्याचे बीज होते. प्रवाशाला फुकट खुर्ची हवी असते ती नाताळात, सुट्टीत, समुद्रकाठच्या गावी जाण्यासाठी. म्हणजे नेमकी तेव्हा, जेव्हा तीच खुर्ची रोख पैसे देणाराही मागत असतो. मग ती कोणाला द्यावयाची?

१९८८ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने या प्रश्नाचे आपल्यापुरते उत्तर दिले. प्रत्येक उड्डाणातील काही मोजक्याच खुर्च्या मैलवाल्यांना मिळतील, आणि काही दिवशी तर एकही मिळणार नाही, असे तिने ठरवले. पुढे मिळणाऱ्या मैलांपुरता हा नियम असता, तर फारसे कोणी बोलले नसते. परंतु आधीच साठवलेल्या मैलांनाही तो लागू झाला. इलिनॉय राज्यातील काही प्रवासी न्यायालयात गेले. आम्ही ज्या शर्तींवर तुमच्या विमानांतून फिरलो, त्या आम्ही फिरून झाल्यावर बदलता कशा, असे त्यांचे म्हणणे. कंपनीने १९७८ च्या त्याच कायद्याकडे बोट दाखवले. भाडे, मार्ग आणि सेवा यांविषयी कोणत्याही राज्याने नियम करू नयेत, असे त्यात म्हटले होते. तेव्हा राज्याच्या कायद्याखाली आमच्यावर दावाच चालत नाही, असा तिचा युक्तिवाद.

१८ जानेवारी १९९५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. तो रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी लिहिला. राज्याच्या ग्राहकसंरक्षणाच्या कायद्याखाली हा दावा चालणार नाही, हे त्यांनी मान्य केले. परंतु कंपनीने स्वतः होऊन जे वचन दिले, त्याच्या भंगाचा दावा मात्र चालेल. कारण तेथे राज्य कंपनीवर काही लादीत नाही, कंपनी आपल्याच शब्दाने बांधली गेली आहे, असे त्यांनी म्हटले. हुंडीचा जुना धर्मच जणू नव्या भाषेत सांगितला गेला.

तथापि या निकालाचा बोध कंपन्यांनी आपल्या परीने घेतला. शब्दच बांधीत असेल, तर शब्दच जपून लिहावा! योजनेच्या शर्ती कोणत्याही वेळी बदलण्याचा अधिकार आम्ही राखून ठेवतो, हे वाक्य या व्यवसायात सार्वत्रिक झाले. मिनेसोटातील एका प्रवाशाला, तो फार तक्रारी करतो या कारणावरून, ‘नॉर्थवेस्ट’ कंपनीने २००८ मध्ये योजनेतून काढून टाकले. करारात लिहिले नसले तरी सचोटीने वागण्याचे बंधन आहेच, असा त्याचा दावा होता. सर्वोच्च न्यायालयाने तो २०१४ मध्ये एकमताने अमान्य केला. लिहिलेले तेवढेच खरे. आणि काय लिहावयाचे हे कंपनीच्या हाती.

इकडे मैलाचा प्रवासाशी असलेला संबंधही सुटत चालला. १९८७ मध्ये सिटीबँकेचे कार्ड आले आणि किराणा भरतानाही मैल मिळू लागले. बँका हे मैल विमान कंपन्यांकडून विकत घेऊ लागल्या. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातील एका अभियंत्याने, वेष्टनांवर मैल देण्याची एका खाद्यकंपनीची जाहिरात वाचून, सुमारे तीन हजार डॉलरांत बारा हजारांवर पुडिंगचे डबे घेतले, पुडिंग दानधर्मात दिले आणि बारा लाखांहून अधिक मैल पदरात पाडले. जाहिरातीचा शब्द स्पष्ट होता, म्हणून तो पाळला गेला. २०१५ पासून ‘डेल्टा’ व ‘युनायटेड’ या कंपन्या मैल मोजू लागल्या ते अंतरावर नव्हे, भाड्याच्या रकमेवर. साथीच्या दिवसांत विमाने जमिनीवर उभी असता २०२० मध्ये ‘युनायटेड’ने हीच योजना तारण ठेवून ६८० कोटी डॉलर उभे केले, आणि पुढल्या वर्षी ‘अमेरिकन’ने १,००० कोटी. आकाशात विमान नसतानाही सावकाराला मैलांवर विश्वास होता.

आपल्या देशातही ही हुंडी येऊन बराच काळ लोटला, आणि लिहिणारी पेढीच बसली तर हुंडीचे काय होते, हे आपण तीन प्रकारांनी पाहिले. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये ‘किंगफिशर’ची विमाने थांबली आणि तिच्या प्रवाशांचे मैलही बुडाले. १७ एप्रिल २०१९ रोजी मुंबईच्या ‘जेट एअरवेज’चे उड्डाण थांबले, पण तिची मैलांची योजना पूर्वीच वेगळ्या कंपनीकडे सोपवलेली असल्याने ते मैल त्या दिवशी नाहीसे झाले नाहीत, त्याच वर्षी नवे नाव घेऊन उरले. आणि १२ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘विस्तारा’ ‘एअर इंडिया’त विलीन झाली, तेव्हा एकास एक या प्रमाणात जमा नव्या वहीत उतरवण्यात आली. प्रवासी तिन्ही ठिकाणी सारखाच निष्ठावान होता. फरक पडला तो खतावणी कोणाच्या ताब्यात होती आणि पुढे तिला वारस कोण मिळाला, एवढ्याने.

यावरून मैल साठवूच नयेत, असे मी म्हणणार नाही. या हुंडीवर कित्येकांनी परदेशी असलेल्या लेकीची भेट घेतली असेल, कित्येकांनी म्हाताऱ्या आईबापांना प्रथमच विमानात बसवले असेल. परंतु जुने व्यापारी हुंडी पेटीत ठेवून तिच्याकडे पाहत बसत नसत; लिहिणाऱ्याची पत आणि कागदावरचा मजकूर दोन्ही पारखून ती वेळेवर वटवीत. मैलांना व्याज लागत नाही. मुदत बहुधा असते, आणि भाव दुसऱ्याच्या हाती असतो. तेव्हा ज्यांच्या नावे असे मैल जमा आहेत, त्यांनी प्रवास पुढे ढकलू नये, हे बरे.